मोर्णेकाठची दावण

१ नोव्हेंबर १९२५, रविवार

आज सकाळी गाजराचे दोन वाफे पेरले आणि संध्याकाळी घोड्यांसाठी खुंट ठोकले. ही वही महादेवराव मास्तरांनी दिली. नवा धंदा करणाऱ्याने खरे ते लिहून ठेवावे, असे ते म्हणाले. मी मराठी चौथीपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकलो, त्यामुळे नाही म्हणता आले नाही.

धंदा असा. आमचा मळा जुन्या शहराच्या कडेला, मोर्णेच्या काठी. कापसाचा हंगाम लागला की पातूर-बाळापूरकडची माणसे घोड्यावर येतात आणि नदीपलीकडे कचेरीत नाहीतर कापसाच्या बाजारात जातात. तिकडे गाड्यांची इतकी दाटी की घोडा घेऊन शिरायची सोय नाही. मग कोणी निंबाला बांधतो, कोणी ओळखीच्या ओट्याशी, आणि जनावर दिवसभर उन्हात उपाशी. इकडे मला दोन वर्षांपासून खत पुरत नाही. तेव्हा लोकांचे घोडे आपल्या मळ्यात सांभाळावे आणि लीद आपण ठेवून घ्यावी, हे मला दिवाळीत सुचले.

तानूला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितले तेव्हा ती वांगी तोडत होती. तिने मान वर केली नाही. "पानी कशात पाजसान?" एवढेच विचारले. मी म्हणालो, मोठी डोणी आहे की. त्यावर ती म्हणाली, प्रत्येकाची बादली वेगळी पाहिजे. आणि पुन्हा वांग्यांकडे वळली. तिला हा धंदा पसंत नसावा.

४ नोव्हेंबर

मास्तरांनी फळी रंगवून दिली. तीन प्रकार लिहिले आहेत. पहिला, दिवसभर सावली आणि पाणी. दुसरा, त्यावर कडबा, भिजवलेल्या चण्याची चंदी आणि खरारा. तिसरा, महिन्याचा मुक्काम. त्यात रोज फिरवणे, खूर साफ करणे आणि वेळेवर नाल बसवून घेणे. तिसऱ्याची गरज नव्हती, पण फळीवर जागा उरली म्हणून मास्तरांनी घातला. आपला घोडा महिनाभर परक्याच्या दारी कोण ठेवील?

कामाला गोवर्धन मिळाले. पोलीस लायनीत पंचवीस वर्षे घोड्यांची निगा राखून आता घरी बसले होते. माणसांशी कमी बोलतात. आल्याबरोबर त्यांनी माझे अर्धे खुंट उपटले आणि लांब लांब ठोकले. दोन घोड्यांत लाथ पोचणार नाही एवढे अंतर हवे, हे मला माहीत नव्हते.

९ नोव्हेंबर

आज सहा जनावरे. एकाने मेथीचा अख्खा वाफा खाल्ला. खोपट्यामागे लिदीचा ढीग गुडघ्याएवढा झाला आहे. मी समाधानी आहे.

तानू घोड्यांच्या जवळ जात नाही. पाण्याच्या बादल्या भरून दूर ठेवते आणि तिथूनच बघत उभी राहते. भीत असेल.

१७ नोव्हेंबर

तिसऱ्या प्रकारालाही गिऱ्हाईक आले. पातूरच्या वाटेवरच्या हिंगण्याचे किसनराव पाटील. पंचावन्नच्या आसपासचे, उंच, कमी हसणारे. घोडीवरून उतरले आणि फळी दोनदा वाचली. घोडी तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, नाव हरणी. बारा वर्षांपूर्वी शिंगरू असताना त्यांनीच तिला वाढवले.

त्यांचा मुलगा खुशालराव याने मोटार घेतली आहे. घरी आता घोडीचे काम उरले नाही, असे तो म्हणतो. पाटलांनी मला सांगितले की घोडी तुझ्याकडे राहू दे, शहरात चांगले गिऱ्हाईक आले तर कळव, देऊन टाकू. एवढे बोलून त्यांनी खोगीर स्वतः उतरवले, तिची पाठ पुसली आणि बाजूला उभे राहिले. मी म्हणालो, पाटील, निश्चिंत जा. ते म्हणाले, "जातो." पण अर्ध्या तासाने पाहतो तर तिथेच.

२ डिसेंबर

पंधरा दिवसांत पाटील चौथ्यांदा आले. दर वेळी कचेरीत काम निघाले म्हणतात, पण नदी ओलांडून गेलेले मी एकदाच पाहिले. चंदी हातात घेऊन बघतात, पाण्यात बोट बुडवतात. आपल्यावर एवढा अविश्वास असेल तर घोडी ठेवली तरी कशाला? मला वाईट वाटले. गोवर्धनला म्हणालो तर ते नुसते हसले.

आज मी एक गिऱ्हाईकही आणले होते, कापसाच्या गाड्यांचा ठेकेदार. त्याने घोडीचे दात पाहिले, पाय पाहिले, मान डोलावली. पाटील म्हणाले, याचे हात कडक आहेत, लगाम ओढून तोंड फाडील. ठेकेदार गेला. जास्त भाव हवा असेल.

११ डिसेंबर

गाजरे चोरीला जात आहेत. पेरून चाळीस दिवस झाले, अजून बोटाएवढीच, पण कडेच्या ओळीतली रोज चारपाच कमी होतात. कुंपण तपासले. कुठे भगदाड नाही.

आज पहाटे उठलो तर तानू हरणीच्या मानेला गाल लावून उभी होती आणि हरणी काहीतरी कुरकुर चावत होती. मी परत घरात गेलो. चोराबद्दल चौकशी बंद केली. तिची भीती गेली हे बरे झाले.

१८ डिसेंबर

दिवस मावळता मावळता एक बांगड्या विकणारा तट्टू घेऊन आला. रात्रभर ठेवा म्हणाला. तट्टाच्या नाकातून पाणी वाहत होते. गोवर्धन म्हणाले, हे घेऊ नका. पण तो माणूस पायी थकलेला, आणि फळी लावून बसल्यावर दारातून परत कसे पाठवायचे? मी घेतले. दावणीच्या टोकाला, हरणीच्या पलीकडे जागा होती, तिथे बांधले. बादली कमी पडली म्हणून हरणीचीच दिली.

१९ डिसेंबर

बांगडीवाला सकाळी गेला. तानूने बादली राखेने घासून उन्हात ठेवली.

३० डिसेंबर

हरणीने काल संध्याकाळची चंदी खाल्ली नाही. आज नाकातून घट्ट पिवळे येते आहे आणि जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी लागतात. अंगात ताप. गोवर्धनने तिला इतरांपासून दूर, बाभळीखाली नेले. जनावरांच्या दवाखान्यात निरोप दिला.

तानू जेवली नाही. विचारले तर म्हणाली भूक नाही.

३१ डिसेंबर

दवाखान्याचे शेषराव डॉक्टर आले. तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. त्यांनी गाठी दाबल्या, नाकाच्या आत बराच वेळ पाहिले. मग मला बाजूला घेऊन सांगितले की दोनपैकी एक आहे. एक म्हणजे घशाचा साथीचा ताप. त्यात गाठी पिकून फुटतात आणि बहुतेक जनावर वाचते. दुसरा ग्लँडर्स. त्याला औषध नाही, आणि तो माणसालाही होतो. तो निघाला तर कायद्याने रोगी जनावर गोळी घालून चुन्यात पुरायचे, खोपटे जाळायचे. सोबतच्या तीन घोड्यांचीही तपासणी, ज्यात निघेल त्याचे तेच. नक्की कळायला एक लस टोचतात. टोचलेल्या जागी दोन दिवसांत मोठी सूज आली तर ग्लँडर्स. लस अमरावतीहून येईल, वरचे साहेबही तिकडूनच येतील. तोवर मळ्यातले एकही जनावर बाहेर नाही, बाहेरचे आत नाही.

जाताना त्यांनी सगळ्यांचे हात पाहिले. ज्याच्या हाताला जखम असेल त्याने घोडीला शिवायचे नाही. तानूच्या डाव्या तळव्यावर विळ्याचे ताजे कापलेले होते. तिने मूठ मिटून घेतली होती, डॉक्टरांनी उघडायला लावली. कधीपासून नाक पुसते आहेस, विचारले. ती म्हणाली, दोन दिवस.

मला बसावेसे वाटले, पण उभाच राहिलो.

१ जानेवारी १९२६

सकाळी हिंगण्याला चिठ्ठी पाठवली. आजाराचे सगळे लिहिले. बांगडीवाल्याच्या तट्टाचे लिहिले नाही. तीनदा लिहायला घेतले आणि तीनदा खोडले.

दुपारी मोटार आली. ती पुरती थांबण्याआधीच पाटील उतरले आणि पडता पडता सावरले. बाभळीकडे सरळ चालत गेले. गोवर्धनने अडवले नाही. हरणीने कान हलवले, पण मान उचलली नाही. पाटील तिच्याजवळ मातीतच बसले. खुशालराव मोटारीत बसून होता. थोड्या वेळाने तोही उतरला आणि धोतर सावरून बापाजवळ उभा राहिला. त्यांच्यात काय बोलणे झाले ते ऐकू आले नाही. मुलगा एकटाच मोटार घेऊन गेला. पाटील राहिले.

आता माझ्या लक्षात येते आहे की ते कचेरीच्या कामाला येतच नव्हते. मी त्यांच्याबद्दल काय काय लिहून ठेवले आहे वर. खोडत नाही.

३ जानेवारी

अमरावतीचे साहेब सकाळच्या गाडीने आले. चारी घोड्यांना मानेवर टोचले. परवा सकाळी पाहायचे.

दुपारी पाटील खाटेवर बसले होते, तानू खाली शेंगा सोलत होती. माझ्याने राहवेना. मी पाटलांसमोर जाऊन उभा राहिलो आणि सांगितले की रोगी तट्टू मीच घेतले, गोवर्धन नको म्हणत असताना घेतले, आणि तुमच्या घोडीची बादली त्याला दिली.

मला वाटले, पाटील आता उठतील आणि मारतील. मारले असते तर बरे वाटले असते.

तेवढ्यात तानू बोलली. माझ्याकडे न बघता, पाटलांशी. हे जसे ऐकले तसे लिहितो.

"पाटील, माह्या बापाकडे दोन तट्टं होती. पातूरहून भाजी आनाची त्याईच्यावर. म्या धा वर्साची असन. एकाच्या नाकातून वाहाले लागलं. माहीत होतं मले, सरकारी मानूस आला तं गोया घालते. म्हनून म्या रोज पहाटी उठून त्याचं नाक पुसून टाको. कोनाले दिसू नाही म्हनून. पंधरा दिवस पुसलं. मंग दुसऱ्यालेबी झालं. दोघाईलेबी नेलं."

मग शेंगांकडे बघून म्हणाली, "याईनं सांगितलं तरी. म्या बापाले अजून सांगितलं नाही, आन् आता तो मेलाबी."

एकोणीस वर्षे झाली लग्नाला. सासऱ्यांकडे तट्टे होती हे मला माहीत होते. ती कुठे गेली हे मी कधी विचारले नव्हते.

पाटलांनी खाटेवर सरकून जागा केली आणि मला म्हणाले, "बैस शालिकराम. उभा काहून हायस?" मी बसलो. पुढे त्यांनी आपले सांगितले. घोडी विकायला म्हणूनच ते अकोल्याला आले होते. पुलापर्यंत गेले, आणि तिथून परत फिरताना आमची फळी दिसली. घरी सांगता येईना की विकवत नाही. मुलगा हसेल असे वाटले. म्हणून मुक्काम.

४ जानेवारी

आज सूज नाही. डॉक्टर म्हणाले, उद्या बोलू.

तानूच्या हाताची जखम मी धुतली, हळद लावली, चिंधी बांधली. तिने हात ओढून घेतला नाही. ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावला तर म्हणाली, सकाळपासून तिसऱ्यांदा पाहून राहिले तुमी. खरे आहे.

५ जानेवारी

सूज नाही. चौघांनाही नाही.

साहेबांनी दोनदा हात फिरवला, मग शेषराव डॉक्टरांना फिरवायला लावला. ग्लँडर्स नाही म्हणाले. मला ते नीट समजले नाही, म्हणून पुन्हा विचारले, आणि त्यांनी न चिडता पुन्हा सांगितले. पाटलांनी टोपी काढली, पुसली, परत घातली. गोवर्धन उठून बादल्या भरायला गेले; त्यांचे डोळे मी पाहिले, पण ते त्यांना कळू दिले नाही.

संध्याकाळी गाठ फुटली. घाण पुष्कळ गेली. डॉक्टरांनी धुऊन औषध घातले. तासाभराने हरणीने तोंड वर करून इकडे तिकडे पाहिले आणि कोंड्याची पेज प्यायली. पाटील मला म्हणाले की ते आता जेवतील. चार दिवस ते तानूच्या हातची भाकर अर्धीच खात होते. आज तीन खाल्ल्या, ठेच्याबरोबर, आणि चौथीसाठी थोडे थांबले.

१४ जानेवारी, संक्रांत

बंदी उठली. बाकीचे तीन घोडे मालकांनी नेले. कोणी रागावले नाही असे नाही. एकाने तोंडावर सांगितले की पुन्हा येणार नाही. मी सगळ्यांना तट्टाचे खरे सांगितले. एकदा सांगितले की पुढे सोपे जाते.

हरणीपासून अजून तीन आठवडे दुसऱ्याला लागू शकते, म्हणून फळीवर कागद चिकटवला: फेब्रुवारीपर्यंत बंद. मास्तर म्हणाले, हंगाम बुडेल. बुडू दे म्हणालो. त्या वेळात आठ नव्या बादल्या आणल्या आणि प्रत्येकीवर रंगाने आकडा घातला. येणाऱ्या जनावराचे नाक, डोळे, खूर पाहिल्याशिवाय आत घ्यायचे नाही, आणि शेवटचा शब्द गोवर्धनचा, असे ठरले. तानूने विचारले, नाक कोण पाहीन? मी म्हणालो, तू. संध्याकाळी तिळाचे लाडू अंमळ गोड झाले होते.

२ फेब्रुवारी

पाटील आले, आणि या वेळी कचेरीचे नाव काढले नाही. हरणीला घरी नेतो म्हणाले. मोटार कचेरीला ठीक आहे, पण त्यांच्या काळ्या रानात ती बांधापर्यंतही जात नाही; कपाशी बघायला त्यांना घोडीच लागते. खुशालराव स्वतःच म्हणाला, घेऊन या. गव्हाणही त्यानेच दुरुस्त करवली.

फक्त डॉक्टर म्हणतात, अजून महिनाभर तिच्यावर बसायचे नाही. हिंगणे सहा कोस. चालवतच न्यावे लागेल. पाटलांनी विचारले, कोण आणील? मी तोंड उघडायच्या आत तानू म्हणाली, आमी आनतो.

६ फेब्रुवारी

पहाटे निघालो. तानू पुढे दोर धरून, मी मागे गाठोडे घेऊन. तिने घोडीला कुठेही ओढले नाही. थांबली की थांबायची. वाटेत दोन्हीकडे वेचणी चाललेली, बायका विचारत होत्या घोडी विकायला नेता काय. तानू म्हणे, "नाही, माहेरी चालली."

पातूरकडची ती वाट तिच्या ओळखीची. इथे आमची तट्टे पाणी प्यायची, इथे बाप चिलीम ओढायला बसायचा, असे सांगत होती. एवढे ती वर्षभरात बोलत नाही. मी ऐकत चाललो. एका ओढ्यापाशी ती रडली थोडी, हरणी थांबून राहिली, मीही थांबलो. मग निघालो.

हिंगण्याला पोचलो तर पाटील वेशीवरच. घरून दुर्गाबाई, पाटलांची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. घोडीच्या पायांवर घातले आणि मग तानूच्या. तानू संकोचून मागे सरली. दुर्गाबाई म्हणाल्या, "उभी राह्य बाई. सहा कोस तूबी चाललीस."

रात्री त्यांच्याच ओसरीवर निजलो.

७ फेब्रुवारी

निघताना तानूने हरणीच्या कपाळावर हात ठेवला. घोडीने तोंड गव्हाणीतून काढले नाही, चघळत राहिली. मला तानूसाठी वाईट वाटले, पण ती म्हणाली की खाऊन राहिली, चांगलं हाय. दुर्गाबाईंनी तिला हिरवे लुगडे दिले आणि तिथेच नेसायला लावले.

खुशालरावाने आम्हांला मोटारीने आणून सोडले. मी पहिल्यांदाच बसलो. सहा कोस इतक्या लवकर संपले की मला ते बरोबर वाटेना. तानूने पूर्ण वाट दोन्ही हातांनी पुढची कड धरून ठेवली होती.

मळ्याशी उतरलो तर कालच फळीवरचा कागद काढलेला, आणि फाटकाबाहेर दोन घोडे खोळंबलेले. तिसरा जरा लांब, तीन पायांवर उभा. त्याचा मालक बाळापूरकडचा शेतकरी, घाबरलेला. गोवर्धनने सगळ्यांना बाहेरच थांबवले होते. म्हणाले, नाक पाहायचे राहिले आहे, बाई नव्हत्या.

तानू घरात गेली नाही. पदर खोचला, घोड्याच्या नाकपुड्या पाहिल्या, जबड्याखाली बोटे फिरवली, मग नव्या लुगड्यानिशी मातीत बसली आणि पुढचा उजवा पाय उचलून मांडीवर घेतला.

"डोकं धरा हो याचं," मला म्हणाली.

मी दोन्ही हातांनी धरले. घोडा थरथरत होता, त्याचा गरम श्वास माझ्या मानेवर येत होता. मी त्याच्याशी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. बाभळीचा काटा निघाला, बोटाएवढा. तानूने पाय हळूच खाली ठेवला. घोड्याने आधी नुसता टेकवला, मग भार दिला, मग नीट उभा राहिला.

"सोडा आता," तानू म्हणाली.

मी अजून थोडा वेळ धरून राहिलो.